लिमलेटचा मार्च

मार्च लागला की आमच्या शाळेतली बाकं वर्गांतून बाहेर निघतात, पुसली जातात आणि अंतर ठेवून पुन्हा आत मांडली जातात. शिपाई खडूने त्यांच्यावर बैठक क्रमांक घालत जातो. बाहेर कडुलिंबाला फुलोरा आलेला असतो. त्याचा कडसर गोड वास दुपारच्या गरम वाऱ्याबरोबर आत शिरतो आणि पेपर लिहिणाऱ्या पोरांच्या घामाच्या वासात मिसळून जातो. पर्यवेक्षणाचं काम विचित्र असतं. काही करायचं नसतं आणि बसायचंही नसतं. खाली वाकलेल्या डोक्यांकडे बघत बाकांमधून नुसतं फिरायचं. पंखा कुरकुरतो, पुरवणीसाठी एखादा हात वर होतो, आणि तेवढ्यात मन कुठल्या कुठे निघून जातं.

हल्ली ते एकाच ठिकाणी जातं. दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये. त्या मार्चमध्ये माझा धाकटा भाऊ दत्ता आमच्या सांगलीच्या घरी राहायला आला होता, कारण त्याला मिरजेला लाईट घ्यायची होती. लाईट म्हणजे कॅन्सरवर देतात ते किरण. आमच्या भागात आजाराचं नाव कुणी घेत नाही. ‘लाईट चालू हाय’ एवढं म्हटलं की समोरच्याला सगळं समजतं आणि तो चपलेकडे बघायला लागतो.

दत्ता महाबळेश्वरला टॅक्सी चालवायचा. चालवायचा म्हणण्यापेक्षा बोलायचा म्हटलेलं बरं. गाडी काय, सगळेच चालवतात. दरीच्या कठड्याजवळ पोचायच्या आधी तो पाहुण्यांना अडवायचा. ‘आता डोळं मिटा. मी सांगितल्याबिगर उघडायचं न्हाई. धरा माझा हात.’ पुण्या-मुंबईची मोठी मोठी माणसं लहान पोरांसारखी डोळे मिटून त्याच्या मागे चालत यायची. धुक्यात काहीच दिसत नसलं तर तो दरी तोंडाने दाखवायचा. हिकडं खाली कोयना, तिच्या काठाला ती शेतं, ते बघा, एक माणूस बैल घेऊन चाललाय. पाहुणे पांढऱ्या धुक्याचे फोटो काढून खूश होऊन परत यायचे. मी एकदा त्याला म्हटलं होतं, ‘अरे, बैल कुठनं आणलास?’ तर म्हणाला, ‘आक्का, एवढ्या लांबनं आलीत ती. मोकळ्या हातानं कशी पाठवू?’

आमचं बालपण लोणंदचं. वडील कांद्याच्या बाजारात हमाली करायचे. आमच्या घराला, अंथरुणाला, वह्या-पुस्तकांना, आईच्या पदराला कांद्याचा वास असायचा. तो आम्हाला येत नसे, वर्गातल्या इतरांना येत असे. परीक्षेच्या दिवसांत आई आम्हाला शाळेला निघताना एकेक लिमलेटची गोळी द्यायची. पेपर लिहिताना घसा कोरडा पडू नये म्हणून, असं ती म्हणायची. मला वाटतं तोंडाला कांद्याचा वास येऊ नये म्हणून देत असावी. मी माझी गोळी पेपर सुरू होईपर्यंत जपून ठेवायची. दत्ताची रेल्वेच्या फाटकापर्यंतही टिकत नसे. फाटक बंद असलं आणि मालगाडी जात असली की तो माझ्यासमोर उभा राहून जीभ बाहेर काढायचा. ‘आक्का, सांग. कंचा रंग?’ केशरी म्हटलं तर केशरी, हिरवी म्हटलं तर हिरवी. गाडीच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही, नुसती त्याची ती लांब काढलेली जीभ आणि हसणारे डोळे दिसायचे.

गालात काहीतरी धरून बोलायची त्याची सवय तेव्हापासूनची. पुढे गोळीच्या जागी तंबाखू-सुपारीचा मावा आला. महाबळेश्वरात पावसाचे चार महिने धंदा नसतो. टॅक्सीवाले स्टँडवर ताडपत्रीखाली बसून राहतात, बाहेर नुसतं पाणी कोसळत असतं आणि करायला काहीही नसतं. तसल्या एका पावसाळ्यात ती सवय लागली, आणि मग ती ऊन पडल्यावरही गेली नाही. जिभेच्या कडेला फोड आला तेव्हा तो म्हणाला, दिवाळीची गर्दी होऊ दे. दिवाळी झाल्यावर म्हणाला, नाताळचा सीझन होऊ दे. जानेवारीत त्याला भात गिळता येईना, तेव्हा त्याची बायको मंगल त्याला मिरजेला घेऊन आली. डॉक्टरांनी अर्धी जीभ काढली. मानेतल्या गाठीही काढल्या. त्यांची मुलगी स्वाती तेव्हा एकदाच आली होती. खिडकीपाशी पाठ करून उभी राहिली, बापाकडे फिरून बघितलं नाही. दहावीचं वर्ष होतं तिचं. मंगलला तिच्याजवळ राहणं भाग होतं. म्हणून लाईटसाठी दत्ता माझ्याकडे राहिला.

सकाळी मी शाळेत पेपरला उभी असायची. दुपारी घरी येऊन त्याला स्कूटरवर मागे बसवायचं आणि मिरज गाठायची. आयुष्यभर दुसऱ्यांना मागे बसवून फिरवलेला माणूस बहिणीच्या खांद्याला धरून बसलेला असायचा. पहिल्या दिवशी त्याने वळणावर माझ्या खांद्यावर दोनदा थापटलं. वेग, ब्रेक, काहीतरी सांगायचं असावं त्याला. मग सोडून दिलं.

दवाखान्यातल्या हॉलमध्ये जत, आटपाडी, विटा, पलीकडून अथणी, कागवाड, कुठून कुठून आलेली माणसं बसलेली असायची. अर्धी मराठी, अर्धी कानडी, सगळ्यांच्या हातात पाण्याची बाटली. आत प्लास्टिकच्या जाळीचा मुखवटा चेहऱ्यावर घालून तो टेबलाला घट्ट बसवतात, म्हणजे मान हलत नाही. दत्ता बाहेर यायचा तेव्हा त्याच्या कपाळावर आणि गालांवर जाळीचे चौकोन उमटलेले असायचे. त्याच्या बोलण्यातले त आणि ल आणि ट गेले होते, र तर पार गेला होता. ‘आक्का’ हा शब्द मात्र शाबूत राहिला होता. त्याला जिभेचा शेंडा लागत नाही, हे मला त्या मार्चमध्ये कळलं. तो तीच हाक पुन्हा पुन्हा मारायचा. मी ‘काय रे?’ म्हणायची आणि तो मान हलवायचा, काही नाही म्हणून.

ते दुकान आम्हाला सापडलं ते स्कूटर पंक्चर झाली म्हणून. औषधं घ्यायला सांगलीच्या बाजारात शिरलो होतो. हरभट रोडच्या मागे एका बोळात पंक्चरवाला आहे, तिथे गाडी ढकलत नेली. त्याने चाक काढून घेतलं आणि पाण्याच्या घमेल्यात ट्यूब फिरवायला लागला. ऊन मी म्हणत होतं. सावलीसाठी म्हणून समोरच्या पत्र्याखाली गेलो. नजर अंधाराला सरावली, आणि मला आधी बरण्याच दिसल्या.

काचेच्या, पत्र्याच्या झाकणाच्या, भिंतभर. लिमलेट, केशरी, पिवळ्या, हिरव्या. संत्र्याच्या फोडींसारख्या, वर साखर पेरलेल्या. कागदात गुंडाळलेल्या श्रीखंडाच्या गोळ्या. बडीशेपेच्या रंगीत, मोहरीएवढ्या. चिंचगोळ्या, जिरागोळ्या, पांढरी पेपरमिंटं, आवळकाठी, गुडदाणी. लहानपणी आम्ही ज्यांना सिगारेटी म्हणून ओठात धरायचो त्या टोकाला लाल असलेल्या गोड कांड्यासुद्धा. मॉलमध्ये अशा वस्तू हल्ली सजवून, रिबिन बांधून, जुन्या आठवणी म्हणून विकतात आणि हात लावायची छाती होत नाही. इथे तसं काही नव्हतं. पुढ्यात वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे टांगलेले, आणि शाळकरी पोरांना खिशातल्या चिल्लरीत मूठभर मिळेल असा भाव. लाकडी गल्ल्यामागे साठीच्या पुढच्या एक बाई बसल्या होत्या, हातात हातपंखा. त्यांना सगळे काकू म्हणतात हे नंतर कळलं.

मी दत्ताकडे बघितलं. बाहेर पडल्यावर गमछाने तोंड झाकून घ्यायची त्याला सवय झाली होती. त्याने तो गमछा खाली ओढला. गेल्या कित्येक दिवसांत मी त्याला स्वतःहून कुठे पाऊल टाकताना बघितलं नव्हतं. तो पुढे झाला, एका बरणीवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. काहीतरी म्हणाला.

काकूंनी माझ्याकडे बघितलं.

‘लोणंदला मिळायच्या म्हणतोय,’ मी सांगितलं. ‘आमच्या लहानपणी.’

‘आवं, सगळीकडंच मिळायच्या,’ काकू म्हणाल्या. ‘आता न्हाईत मिळत. घ्या की पाव्हणं. चाखून बघा.’

त्यांनी झाकण उघडलं आणि केशरी लिमलेट त्याच्या तळहातावर ठेवली. दत्ताने ती तोंडात टाकली आणि डोळे मिटले. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्याच्या घशाचा मणी वर-खाली होत होता. पंक्चरवाल्याने ट्यूबला ठिगळ लावलं, चाक बसवलं, हवा भरली, गाडी तयार असल्याचं ओरडून सांगितलं. दत्ता तसाच उभा होता. मग त्याने गोळी काढून हातावर घेतली. ती होती तेवढीच होती. साखर तेवढी वरून गेली होती, बाकी गोळी कोरडी, खड्यासारखी. लाईटमुळे तोंडातली लाळ आटते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आटते म्हणजे काय होतं, ते मी त्या बोळात बघितलं.

‘चव?’ मी विचारलं.

त्याने नाही म्हणून मान हलवली. मग बरणीकडे बोट करून नाकाला हात लावला. वास येत होता.

मी पाव किलो मिसळ गोळ्या बांधून घेतल्या, कशासाठी ते मलाही माहीत नव्हतं. घरी आल्यावर ती पुडी त्याने उशाजवळ ठेवली.

दुसऱ्या दिवशी मिरजेहून परतताना तो माझ्या खांद्यावर थापटून हात दाखवायला लागला. बोळ आला तेव्हा मला समजलं. मग रोजचंच झालं ते. काकू एक स्टूल पुढे सरकवायच्या, तो भिंतीला टेकून बसायचा आणि त्या बरणीचं झाकण उघडून त्याच्यापुढे धरायच्या. तो वास घ्यायचा. कधी चिंचगोळी, कधी पेपरमिंट. अगदी सावकाश, जेवणाला बसल्यासारखा. मी तेवढ्यात भाजी आणायला जायची. घरी त्याला ताकात कालवलेली आंबील घोटघोटभर पाजताना माझा जीव मेटाकुटीला यायचा. प्रत्येक घोटाला त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तो माझ्याकडे असा बघायचा, की मी वाटी खाली ठेवून द्यायची. दुकानात बसलेला दत्ता वेगळा दिसायचा.

एकदा त्याला विचारलं, ‘तिथे तुला एवढं काय आवडतं रे?’

त्याने बऱ्याच प्रयत्नाने सांगितलं, आणि मला दोनदा विचारून घ्यावं लागलं. तो म्हणाला होता, तिथं मला कोण ‘कसं हाय?’ म्हणून विचारत न्हाई.

ते खरंच होतं. घरी येणारा प्रत्येक जण विचारायचा. शेजारी, माझ्या शाळेतल्या बायका, कुपवाडला माझ्या मिस्टरांबरोबर काम करणारी माणसं. सगळे चांगल्या मनाने विचारायचे आणि सगळ्यांना एकच उत्तर द्यावं लागायचं. काकूंनी कधीही त्याला काय झालंय हे विचारलं नाही. कळलं असणारच. सांगलीत राहणाऱ्या माणसाला गमछा बांधलेला माणूस बघून सांगावं लागत नाही.

शाळा सुटली की बोळात पोरांची झुंबड उडायची. दहावी-बारावीचे पेपर चालू असल्याने लहान वर्गांची शाळा सकाळची होती आणि दुपारभर पोरं मोकाट असायची. एका दिवशी मी भाजी घेऊन परतले तर तीन-चार पोरी दुकानासमोर एकमेकींना जिभा काढून दाखवत होत्या. माझी हिरवी, तुझी केशरी, तुझी अजून लाल झालीच न्हाई. दत्ता स्टुलावरून त्यांच्याकडे बघत होता. मला वाटलं आता हा उठेल, मला घेऊन चल म्हणेल. तो उठला नाही. त्यातली एक धीट पोरगी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. ‘काका, तुम्ही सांगा, कुणाची जास्त रंगलीय?’ दत्ताने विचार केल्यासारखं केलं आणि तिच्याकडेच बोट दाखवलं. पोरगी नाचत गेली. त्याने गमछा वर ओढून घेतला. डोळ्यांवरून तो हसत होता की काय, मला सांगता येणार नाही.

आणखी एकदा मी आले तेव्हा तो काकूंना काहीतरी सांगत होता. हात हवेत फिरत होते, एक हात डोळ्यांवर, मग दूर खाली कुठेतरी. मी लांबूनच ओळखलं, दरी चालली होती. काकू पंखा हलवत ‘व्हय का?’, ‘बाई बाई’, ‘मग?’ असं म्हणत होत्या. तो थकून थांबला तेव्हा मी पुढे झाले. निघताना काकूंना हळूच विचारलं, ‘कळलं का तुम्हाला त्याचं?’

‘मला काय कळतंय बाई,’ काकू म्हणाल्या. ‘पण बोलताना बरं वाटत हुतं त्यास्नी. म्या कशाला मधी पडू?’

मार्च संपत आला तशा बरण्या खाली व्हायला लागल्या. आधी श्रीखंडाची गोळी संपली, मग संत्र्याच्या फोडी. काकू रिकाम्या बरण्या धुऊन, पालथ्या घालून ठेवायच्या. मी म्हटलं, माल कधी येणार? तेव्हा त्या म्हणाल्या, ‘आता येत न्हाई. कुपवाडला एक जण करायचा, त्यानं बंद केलं. माझा मालक गेला तवाच मी बंद करणार हुते, पण हात रिकामं ऱ्हाईनात. आता असलेलं संपलं की कुलूप.’

हे मी दत्ताला सांगितलं नाही. मिस्टरांना मात्र म्हटलं, तुमच्या कुपवाडलाच आहे तो कारखाना, जाऊन बघा की, थोडा माल मिळतो का. ते एका जेवणाच्या सुट्टीत गेले. पत्र्याच्या शेडमध्ये आता लोखंडी कपाटांना रंग मारायचं काम चालतं. गोळ्यांचे साचे भंगारात गेले होते. वॉचमनला विचारलं तर त्याला गोळ्यांचं काही ठाऊकच नव्हतं.

दत्ताला सांगायची गरजही नव्हती, त्याला समोर दिसतच होतं. शेवटच्या आठवड्यात त्याच्या तोंडात इतके फोड आले, की पाणीसुद्धा सोसेना. मान काळी पडून कातडी सोलवटली. मी म्हणायची, आज नको दुकान, सरळ घरी जाऊ. तो ऐकायचा नाही. एका दुपारी काकूंनी पेपरमिंटची बरणी त्याच्यासमोर धरली. त्याने वास घेतला, पुन्हा घेतला, बरणीत जवळजवळ तोंड घातलं. मग झाकण स्वतःच लावलं.

‘आक्का,’ तो म्हणाला. पुढचं मी समजून घेतलं. वासपण गेला होता.

तरीही पुढच्या दिवशी त्याने बोळाकडे हात दाखवला. तो तिथे जाऊन नुसता बसला. काकूंनी बरणी उघडली नाही. दोघं पुढ्यातल्या रस्त्याकडे बघत बसली, आणि मी भाजीला न जाता पत्र्याखाली उभी राहिले.

लाईट संपली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आता तोंड भरून येईल, पावसाळ्यानंतर बघू. आम्ही ते खरं मानलं. मानण्याशिवाय काय करतो आपण? निघायच्या आदल्या दिवशी दत्ताने काकूंकडून शिल्लक होतं ते सगळं बांधून घेतलं. लिमलेट होत्या, थोड्या चिंचगोळ्या, तळाला चिकटलेलं बडीशेपेचं रंगीत चूर. काकू पैसे घेईनात, त्याने गल्ल्यावर ठेवले आणि मागे न बघता बाहेर आला. स्वातीचा शेवटचा पेपर झाला होता. त्या गोळ्या तिच्यासाठी होत्या. गाडीत बसताना त्याने पिशवी मांडीवर घेतली आणि माझ्या मिस्टरांनी ती मागे डिकीत ठेवू म्हटलं तर दिली नाही.

पुढे महिनाभर फोनवर मंगल बोलायची आणि दत्ता मागून आवाज द्यायचा. एकदा त्याने फोन स्वतः घेतला. ‘आक्का,’ आणि मग बराच वेळ काहीतरी. मंगलने सांगितलं, ‘म्हणत्यात, स्वातीनं गोळ्या खाल्ल्या. लय आवडल्या म्हणली.’ त्याचा आवाज मला त्या दिवशी मोठा वाटला. मी शाळेत जाऊन सगळ्यांना सांगितलं, भाऊ सुधारतोय माझा.

पाऊस सुरू झाल्यावर मानेला पुन्हा गाठ आली. महाबळेश्वरचा पाऊस तुम्ही बघितला असेल तर ठाऊक असेल, घाटात दरड कोसळली की कुठे जाणं-येणं राहत नाही. तरी दोनदा त्याला मिरजेला आणलं. दुसऱ्यांदा डॉक्टर मला बाजूला घेऊन बोलले आणि आम्ही तशीच गाडी फिरवली. श्रावणात तो गेला. लाकडं ओली होती. स्मशानातल्या पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता, की मंगल रडत होती ते नुसतं दिसत होतं. स्टँडवरचे सगळे टॅक्सीवाले आले होते. एरवी एकमेकांवर ओरडणारी ती माणसं गुडघाभर पाण्यात गप्प उभी होती, आणि धुरातून आणि धुक्यातून पलीकडचं काहीही दिसत नव्हतं.

त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं. या वर्षी स्वातीची बारावी असायला हवी होती. पर्यवेक्षणाला उभी राहिले की मुलींच्या वेण्यांकडे बघून मला तेच येतं मनात, की तिनेही या अशाच एखाद्या बाकावर बसायला हवं होतं. अकरावी अर्धी टाकून ती महाबळेश्वरच्या रस्त्यावर एका दुकानाच्या काउंटरला उभी राहते. दत्ताची गाडी मंगलने विकली. परवाच्या रविवारी पेपर नव्हता, म्हणून मी तिकडे जायचं ठरवलं. मनात होतं, पोरीला सांगलीला घेऊन यावं, माझ्याजवळ ठेवावं, पुढच्या वर्षी परीक्षेला बसवावं. मिस्टरांनाही पटलं होतं. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून शनिवारी हरभट रोडच्या मागच्या बोळात गेले. माझा वेडेपणा. तिथे मोबाईलच्या कव्हरांचं दुकान होतं, भिंतभर लटकलेली, चमचमणारी कव्हरं. काकू पुण्याला मुलाकडे गेल्या, एवढंच पंक्चरवाल्याला माहीत होतं. मी बाजारातून चकचकीत कागदातला एक चॉकलेटचा डबा घेतला.

साताऱ्याहून मेढ्याच्या वाटेने पोचले. स्वाती काउंटरमागे उभी होती. स्ट्रॉबेरीचा सीझन, दुकानासमोर गाड्यांची रांग. ती चमच्याने जॅम आणि जेली काढून लोकांपुढे धरत होती. ‘चाखून बघा सर. चाखून बघा मॅडम. कंपल्सरी न्हाई घ्यायचं.’ दिवसभर तेच. उंच झाली आहे. मला बघून हसली, पण हात थांबवले नाहीत.

संध्याकाळी मालकाने तिला थोडा वेळ सोडलं, तेव्हा आम्ही दोघी रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसलो. मी चॉकलेटचा डबा तिच्या हातात दिला. तिने उलटासुलटा करून बघितला.

‘तुझ्या बाबांनी आणलेल्या तशा गोळ्या शोधत होते,’ मी म्हटलं. ‘दुकानच बंद झालंय.’

ती डब्यावरचा कागद नखाने खरवडत राहिली.

‘आत्या,’ ती म्हणाली, ‘मी त्या खाल्ल्या न्हाईत.’

मी तिच्याकडे बघितलं.

‘घरी आलं तवा त्यांच्या तोंडाला लय वास मारायचा. पिशवीपण त्यांच्या मांडीवर, त्यांच्या हातातली. मला वाटलं, त्यांच्यातनं मला हुईल. खाल्ल्या म्हणून सांगितलं आणि मागं दरीत टाकल्या. रोज थोड्या थोड्या टाकत हुते, म्हणजे पुडी कमी कमी दिसावी. रोज विचारायचे. आजची कंची हुती? मी म्हणायची केशरी. हिरवी.’

रस्त्यावरून एक गाडी गेली, मागच्या काचेतून एक लहान पोर हात हलवत होतं. स्वातीने सवयीने हात हलवला.

‘तसं होत नाही गं एकाचं दुसऱ्याला,’ मी म्हटलं. शिक्षिकेला सुचतं तेच मला सुचलं.

‘आता माहीत हाय.’

 दरीतून गार वारा यायला लागला होता. मग मी जे बोलायला आले होते ते बोलले. माझ्याकडे चल. खोली तयार आहे. फॉर्म भरू, पुढच्या मार्चला परीक्षा दे, मी स्वतः अभ्यास घेते. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, वर्गात मागच्या बाकावरची पोरं ऐकतात तसं.

‘सांगली नको आत्या,’ ती म्हणाली. ‘सांगली म्हटलं की मला मिरजच दिसते.’

आणि उठली. दुकानात जाऊन दिवसभराचे उष्टे चमचे तिने एका बादलीत गोळा केले आणि नळाखाली बसून धुवायला लागली. मी चॉकलेटचा डबा कट्ट्यावरून उचलला आणि तिच्या पिशवीत ठेवला. तो ती उघडेल की नाही, हे मी विचारलं नाही. शेवटची एसटी सुटायची वेळ झाली होती.